बाबांना सांगितलेला बर्फ

हे आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. बायकोनेही नाही — उलट तीच ही गोष्ट लोकांना सांगते, आणि तिला जी माहीत आहे ती खोटी आहे. यंदा इथे कॅनडात, हॅलिफॅक्सला, भीमजयंतीच्या कार्यक्रमात, जेवणं चालू असताना, तिने नव्याने आलेल्या एका कुटुंबाला सांगितलं की यांचे वडील गेले तेव्हा हे तिकडे लॅब्राडोरला अडकले होते, समोरचा समुद्रच गोठला होता. त्या घरच्या बाईंनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं. मी काय केलं? ताटातला भात कालवत बसलो.

तुम्ही मला ओळखत नाही. बहुधा म्हणूनच सांगता येतंय.

लग्नाआधी मी लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर एका छोट्या गावात, तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होतो. रक्त तपासायचं, रिपोर्ट द्यायचे, खोलीवर येऊन वरण-भात लावायचा. मराठी बोलायला फोनशिवाय कुणी नाही. कधी कधी तर मी कुकरशी बोलायचो — हसू नका, तिथे राहून बघा. गावातून बाहेर पडायचं तर फेरी, म्हणजे माणसं-गाड्या नेणारी बोट. सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे न्यूफाउंडलंड, आणि तिथून पुढे विमान.

हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून बर्फाचे तुकडे वाहत येतात. तुकडे म्हणजे एकेक अंगणाएवढा. ईशान्येचा वारा सुटला की ते किनाऱ्याला येऊन दाटतात, एकमेकांवर चढतात, कण्हल्यासारखा आवाज करतात. मग फेरी बंद. वारा पश्चिमेचा झाला की तोच बर्फ मागे सरतो आणि काळं पाणी दिसायला लागतं. हिवाळाभर असं आत-बाहेर चालू असतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण घरी, नागपूरला, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिथे सगळ्यांना वाटायचं, कॅनडात समुद्र एकदा गोठला की उन्हाळ्यापर्यंत हलत नाही.

तो हिवाळा फार कडक होता. त्यातच धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा फोन आला. बाबांचं हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात घरी घेऊन जा. दादा, तू ये. ते तुझंच नाव घेतायत.

त्या दिवशी बर्फ खरोखर दाटलेला होता. एवढं तरी खरं. खिडकीतून नजर जाईल तिथवर पांढरं, आणि फेरी बंद. मी तसं सांगितलं, आणि — इथे जीभ अडते — मला हायसं वाटलं.

हायसं का वाटावं? आईच्या वेळी मी शेवटपर्यंत उशाशी बसलो होतो. तिच्या घशातली घरघर, खोलीतला तो वास, माझा हात धरून मलाच न ओळखणारे तिचे डोळे. तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, हे पुन्हा बघायचं नाही. मी घाबरलो होतो, सरळ शब्दांत. पण ही सबब होत नाही. आईच्या उशाशी सुनंदाही बसली होती. ती पुन्हा बसलीच की.

बाबा एसटीचे ड्रायव्हर. गडचिरोलीकडच्या रस्त्यांवर त्यांची हयात गेली. नाल्याला पूर आला की त्यांचा एकच नियम — पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालायची नाही. पाणी उतरेपर्यंत थांबायचं. प्रवासी शिव्या देवोत, कुणाचं लग्न चुको, थांबायचं. मग समुद्र बंद आहे हे सगळ्यात आधी कुणाला पटलं असेल? सुनंदा चिडली, रडली, विमान तरी असेल म्हणाली. छोटं विमान होतं. रोज नाही, पण गावाजवळ उतरायचं. मी म्हटलं, धुकं आहे. तिला बाबांनीच गप्प केलं.

मग वारा फिरला.

सकाळी उठलो तर खिडकीबाहेर पाणी. काळं, हलतं पाणी, आणि त्यातून फेरी गावाकडे येताना दिसत होती. माझी घरमालकीण मार्था — सत्तरी ओलांडलेली बाई, तिला माझ्या वडिलांचं ठाऊक होतं — दार वाजवून म्हणाली, "द फेरी इज रनिंग, माय लव. आय'ल ड्राइव्ह यू." खाली तिने गाडी तापवत ठेवली होती. मी म्हटलं, पुढची फ्लाइट मिळत नाहीये. मी साधं शोधलंही नव्हतं. ती खाली गेली. इंजिन बंद झाल्याचं मला वर ऐकू आलं.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल. तिकडे संध्याकाळ झाली होती. सुनंदाने फोन बाबांसमोर धरला.

"बर्फ सुटला का रे?" त्यांनी विचारलं.

फेरी धक्क्याला लागत होती. ट्रक उतरत होते. मी खुर्ची वळवून खिडकीकडे पाठ केली... नाही, तेही खोटं. पाठ केली असती तर त्यांना पाणी दिसलं असतं. मी खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे ते फक्त मला आणि भिंतीला पाहतील. पाण्याकडे बघत म्हणालो, "नाही बाबा. अजून दाटलेलाच आहे."

हेच ते. यापेक्षा मोठं काही नाही. तुम्हाला याहून भयंकर काही अपेक्षित होतं का?

पुढे मी रोज बर्फ रचला. ते विचारायचे, वारा कुठला? जाडी किती? भरलेला ट्रक पेलेल का? मी सांगायचो, आणि ते उशीवर मान हलवायचे, जाणकारासारखे. खरं सांगू? मला त्या गप्पा आवडायला लागल्या होत्या. आम्ही बापलेक आयुष्यात इतकं कधी बोललो नव्हतो. बरा आहेस ना, बरा आहे, जय भीम, ठेवतो — एवढंच असायचं. आता ते माझ्या फोनची वाट बघायचे. भेटायला येणाऱ्यांना सांगायचे की पोरगा शहाणा आहे, पुरात गाडी घालत नाही.

शेवटच्या कॉलला आवाज उरला नव्हता. सुनंदाने फोन त्यांच्या ओठांशी नेला.

"घाई करू नको," ते म्हणाले. "उतरू दे. मी थांबतो."

आणि थांबले. सुनंदा सांगते, डॉक्टरांनाही नवल वाटत होतं, हा माणूस कशावर तग धरून आहे. मला ठाऊक होतं कशावर. तरी मी बॅग भरली नाही.

ते गेल्याचं कळलं त्या दिवशी मात्र भरली. मार्थानेच मला धक्क्यावर सोडलं. फेरी सुटली, वेळेवर.

नागपूरला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. दारात शेजारच्या काकू म्हणाल्या, एवढ्या बर्फातून आलास रे. सुनंदा आत गेली आणि गरम पाण्याची बादली घेऊन आली. थंडीने तुझे पाय गेले असतील दादा, म्हणाली, आणि खाली बसून स्वतःच माझे मोजे काढायला लागली. वर भिंतीवर बाबांचा नवा फोटो होता. तिच्या हातांना किती तरी दिवसांच्या औषधांचा वास येत होता.

तेव्हा सांगता आलं असतं. मी पाय पाण्यात सोडले.

समुद्र मोकळा होता. बाबा थांबले होते. मी निघालोच नव्हतो.