मास्तरांचा तोरा

बापाला सगळी गल्ली मास्तर म्हणायची, म्हणून लेकही मास्तरच म्हणे. शिंप्याचं दुकान, एका खोलीचं. मास्तर कापणार, लेक शिवणार. ती मशीनवर बसायला लागली तेव्हापासून हीच वाटणी. कात्रीला हात लावायची तिला मुभा नव्हती.

आई होती तेव्हा म्हणायची, यांचा तोरा सांभाळता सांभाळता माझा जन्म गेला. गर्व एक वेळ मनातल्या मनात ठेवता येतो. तोरा चारचौघांत मिरवावा लागतो. मास्तर तो मिरवत. कोट अंगावर नीट बसला नाही, तर गिऱ्हाइकाचा खांदाच उतरता निघे. शिवण उसवली, तर दोरा हलका. मास्तरांची म्हणून चूक कधी झालीच नव्हती.

त्या दिवशी कोटाला बाह्या जोडायला घेतल्या आणि लेकीचा हात थांबला. दोन्ही बाह्या डाव्या होत्या. एक बाही कापून झाली की कागदाचा साचा उलटा ठेवायचा, तो न उलटता तसाच ठेवला गेला होता. शिकाऊ माणसाची चूक. कापड उरलं नव्हतं, आणि तसं पुन्हा मिळणारही नव्हतं. कोट शिवायला टाकणाऱ्या बाईंच्या नवऱ्यानं ते हौसेनं घेऊन ठेवलं होतं, आणि शिवायच्या आधीच तो गेला होता. आता त्यातून मुलाचा कोट व्हायचा होता.

तिनं बाह्या मास्तरांपुढे ठेवल्या. ते बराच वेळ त्यांच्यावरून बोटं फिरवत राहिले.

संध्याकाळी बाई आल्या. आता मास्तर कापड कमी भरलं म्हणतील, लेकीला वाटलं. ते सगळं तिला पाठ होतं.

"कापड..." मास्तरांनी सुरुवातही केली. मग थांबले. "कापड चांगलं होतं. मी बिघडवलं."

बाई बाहीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग हळूच त्यांनी विचारलं, आता काय करायचं.

"हिला विचारा," मास्तर म्हणाले.

किती वर्षं लेक हे ऐकायला थांबली होती. ऐकलं, तेव्हा तिला त्यांच्याकडे बघवेना. तोरा उतरल्यावर ते एवढेसे दिसत होते, कुणाच्याही म्हाताऱ्या बापासारखे.

ती बाईंना म्हणाली, "बाह्यांचं राहू द्या. बिनबाह्यांचं जाकीट छान होईल. चालेल का तुमच्या मुलाला?"

बाईंनी थोडा विचार केला, मान हलवली. मास्तर कापायच्या टेबलापासून बाजूला सरकले आणि त्यांनी तिला जागा करून दिली.