पार्डन, आज्जी?

दुपार कलली की पाणी दिलेल्या कांद्याच्या वाफ्यांवरून एक ओलसर, उग्र गंध आमच्या ओसरीवर येतो, आणि त्याच्यामागोमाग माझ्या कानांत मुलींचे आवाज घुमू लागतात: आय बेग युअर पार्डन... कम अगेन... सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट. ओतूरचं हे घर आता रिकामं आहे. आवाज मात्र जायला तयार नाहीत.

नव्वदच्या दशकाअखेरची ती वर्षं. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुली माझ्या ओसरीवर संभाषणाच्या सरावाला यायच्या. तुम्हाला सांगते, आमच्याकडे ‘समजलं का?’ या प्रश्नाला एकच उत्तर असतं, अख्ख्या वर्गाचं एका सुरातलं ‘हो बाई’! थोरामोठ्यांना दुसऱ्यांदा विचारावं, तर ‘कान फुटलं का तुजं?’ हे ठरलेलं. पण त्याच मुली इंग्रजीतून ‘मला कळलं नाही’ असं बिनदिक्कत, खिदळत म्हणायच्या. परक्या गावच्या जत्रेत माणूस कसा मोकळा हिंडतो, तशा. स्वतःच्या भाषेतच अज्ञानाची एवढी लाज का वाटावी?

आणि घरात, आतल्या खोलीत, आई होती. अर्धांगाच्या झटक्यानं तिच्या शब्दांचे काठ विरघळून गेले होते. उरला होता एक आर्त, अस्फुट ध्वनी. समाचाराला येणाऱ्या बायका उशाशी बसून ‘व्हय आक्का, समदं बरं व्हईल’ म्हणत माना डोलवायच्या, आणि उंबऱ्याबाहेर पडताच ‘लई बोलती वं म्हातारी, पर काय कळत न्हाई’ म्हणून हळहळायच्या. मी आधी आधी खोदून विचारायची. तिच्या कपाळाला आठी पडे, डोळे भरून येत. मग मीही ‘हो आई, हो’वर आले. हळूहळू तिनं बोलणंच कमी केलं. आई डोळ्यांसमोर असताना मी पोरकी झाले होते. रोज वाटायचं, ही जायच्या आत हिचं एक वाक्य, फक्त एकच, मला कळू दे.

थंडीतल्या एका शनिवारी तिची बाज उन्हासाठी ओसरीवर आणली होती. सराव रंगात आला होता. आईनं माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. सवयीचा ‘हो’ माझ्या ओठांवर आला, तेवढ्यात मढ गावाहून येणारी एक धिटुकली खेळाच्या नादात बोलून गेली, ‘पार्डन, आज्जी?’

मी त्या पोरीला दटावायला वळले. आणि आई हसली! वाकड्या ओठांच्या एका कोपऱ्यातून, पण हसली. आणि तेच पुन्हा म्हणाली. दुसरी म्हणाली, ‘कम अगेन, आज्जी?’ आई पुन्हा. मुली आपलं एकेक वाक्य पुढे करत गेल्या आणि आईला जणू चेवच आला. ऐकता ऐकता त्या अस्फुट ध्वनीतून एक जुनी, ओळखीची चाल माझ्या कानांवर आली. जेवलीस का?

एवढंच. इतके महिने ती बहुधा हेच विचारत होती, आणि मी ‘हो’ म्हणत होते. उत्तर प्रश्नाला अगदी चपखल बसत होतं आणि बहुतेक वेळा ते खोटं होतं. त्या दिवशी मी म्हटलं, ‘नाही गं, राहिलंय.’ तिनं धड असलेला हात उचलून स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मुलींना थांबवून मी ताट घेऊन आले आणि तिच्यासमोर बसून जेवले. ती एकेका घासाकडे बघत होती.

त्यानंतर आम्ही दोघी असंच विचारत-विचारत बोलत राहिलो. कधी कळायचं, कधी नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ती गेली.

आता वाफ्यांचा वास येतो तेव्हा बाजेचा कोपरा मोकळा असतो. एकट्या माणसाला जेवायचा फार कंटाळा येतो हो. वाढलेलं ताट झाकून ठेवावंसं वाटतं, तेव्हा मी त्या कोपऱ्याकडे बघून म्हणते, ‘पार्डन, आई?’ थोडी थांबते. आणि जेवायला बसते.