माने काकांच्या कपाटाची किल्ली

माने काकूंचा फोन आला तेव्हा मी इथे इंग्लंडात, ब्रिस्टलला ऑफिसच्या कार पार्कमध्ये होते. "काका गेले गं," म्हणाल्या, आणि पुढच्याच दमात, "आणि ते कपाट घरातच आहे." रडू यायच्या आधी त्यांना भीती वाटली, हे मला अजून टोचतं.

कपाटात काकांची रायफल होती, आणि तिचा परवाना फक्त काकांच्या नावावर. थ्री-नॉट-थ्री, महायुद्धातली, सैन्याने विकून टाकलेली. साताऱ्याकडचे त्यांचे आजोबा फौजेत असलीच बंदूक खांद्यावर घेऊन फिरले, म्हणून काकांना हीच हवी होती. आधी नेमबाजीच्या क्लबची मेंबरशिप, मग पोलिसांचा परवाना, मग कुठे खरेदी. बंदुकांच्या डीलरकडे मी बरोबर होते. काकांनी नळीतून उजेडाकडे पाहिलं, बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे ना, ते चष्मा वर करून वाचलं. चकचकीत करून देऊ का, असं डीलरने विचारलं. "नको, हिचं वय हिच्या अंगावर राहू दे." मग घरी आठवडेच्या आठवडे लाकडाला जवसाचं तेल चोळणं, नेम धरायला बारीक फिरवता येणारी साइट बसवणं, नेम धरताना दंडाला आवळायचा, त्यांच्या मापाचा चामडी पट्टा... काकू म्हणायच्या, "माझ्या लग्नात मला एवढी हळद लागली नव्हती हो!"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. इंजिनिअर झाले याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. रेंजवर पहिल्यांदा पालथी पडून नेम धरला तेव्हा काका म्हणाले, "पदवी राहू दे, श्वास धर." नंतर एकदा सहज म्हणाले, "माझ्यामागे ही तू सांभाळ."

पण किल्ली? तिची जागा फक्त परवाना असणाऱ्याला ठाऊक हवी, असा इथला नियम. बायकोलासुद्धा जागा सांगायची नाही. काकांचा परवाना इतकी वर्षं स्वच्छ होता, आणि त्याची त्यांना केवढी ऐट!

रायफल ताब्यात घ्यायला आलेला पोलीस ऑफिसर सभ्य होता. किल्ली नाही मिळाली तर कपाट कापावं लागेल, म्हणाला. आतल्या वस्तूला धक्का लागणार नाही याची खात्री देता येत नाही. काकूंनी माझा हात घट्ट धरला आणि मराठीत म्हणाल्या, "मला माहितीये गं किल्ली कुठेय ते. सांगितलं तर यांच्या नावाला बट्टा लागेल?" तो आमच्याकडे बघत होता. परवान्यासाठी माझाही अर्ज त्याच्याच ऑफिसात पडून होता. मी म्हटलं, "काकू, खरं सांगा."

"आय नो," काकू म्हणाल्या. "ही डिडन्ट नो आय नो."

त्याचं पेन थांबलं. "तुम्ही कधी उघडलंत?"

"नेव्हर!" मग माझ्याकडे वळून, "पुरणयंत्राच्या डब्यात आहे. एरवी स्वतःचा कप उचलला नाही, आणि होळी आली की, थांब, यंत्र मी काढून देतो! मला कळणार नाही?"

मी भाषांतर केलं. पेन खिशात ठेवून तो म्हणाला, "घेऊन या, प्लीज."

माझ्या परवान्यावर नोंद होईपर्यंत रायफल डीलरकडे राहिली. आता माझ्याकडे आहे. पट्टा मला सैल होतो. नवं भोक पाडायला हात धजत नाही.

परवा काकू जेवायला आल्या होत्या. निघताना दारात कानाशी येऊन म्हणाल्या, "किल्लीची जागा बदल. तुझा नवरा आज ना उद्या शिवणाचा डबा उघडेल."

त्याच संध्याकाळी बदलली. कुठे, ते इथेही लिहीत नाही. काकांना चाललं नसतं.