डॉक्टर मुकादम आणि माझी झोप

झोप येत नाही म्हणून कोणी जामसंड्याच्या डॉक्टर मुकादमांकडे गेलं, की ते झोपेबद्दल चकार शब्द काढत नसत. चहा कितीदा पिता, अंथरुणात किती वाजता शिरता, दुपारी आडवे होता का, सुनेशी पटतं का, असल्या भलत्याच चौकशा. माणूस वैतागून उठायच्या बेताला आला, की म्हणायचे, "बसा हो. औषदच चालू आसा."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पासष्टीची होते, म्हणजे आजच्या मानाने अगदीच पोर. त्यात मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळे डॉक्टरांनाही वर्गात बसवायची खुमखुमी. आमचे हे गेल्यावर मी काही महिने मुलाकडे मुंबईला होते, तिथे झोपेची गोळी लागली ती लागलीच. मी ऐटीत गोळीचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "एवढी लिहून द्या, बाकी मला सगळं कळतं."

डॉक्टर यांचे जुने स्नेही. चष्मा काढून पुसत म्हणाले, "वयनी, गोळयेन तुमी निजणास नाय, पडतास."

मला संताप आला. आणि महिन्याभरातच मी खरोखर पडले. पहाटे गोळीच्या गुंगीत न्हाणीघरात पाय सरकला आणि मनगट मोडलं. मुंबईहून मुलाचा फोन आला, "आई, आता पुरे. मे महिन्यात येतो. डॉक्टरांना विचारतो आणि घराला कुलूप लावून तुला घेऊन जातो."

कुलूप म्हटल्यावर माझी ऐट उतरली. प्लास्टर घातलेला हात घेऊन डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, काय वाटेल ते करा, पण मला इथून हलवू देऊ नका.

त्यांनी गोळी एकदम तोडली नाही. ब्लेडने अर्धी केली, पुढे पाव, शेवटी शेवटी तर नखाएवढा कपचा. आणि जाच सुरू केला. झोप लागो न लागो, उठायचं ठरल्या वेळीच. पेंग आल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकायची नाही. मी कुरकुरले, तर म्हणाले, "दुकान धा तास उघडा आणि झोपेचो माल पाच तासांचो! आदी दुकान उशिरा उघडा."

तेही सोसलं असतं. पण दुपारची झोप बंद! बांगड्याचं तिखलं, भात, वर सोलकढी, आणि मग जागं राहायचं? आमच्याकडे त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा उभं नसतं. मी सरळ निजायची. एकदा संध्याकाळी दवाखान्यात जाऊन ठोकून दिलं, "दुपारी डोळ्याला डोळा नाही हो लागत."

डॉक्टरांनी बाकावरच्या मासेवालीला हाक मारली. "जुलेखा, वयनींच्या गालार काय आसा, बग गो."

"चटय उटली हा, दुसरा काय!"

सगळा दवाखाना हसला. त्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी काय धडा घ्यावा? दुसऱ्या दिवसापासून गालाखाली उशी घेतली.

चार दिवसांनी डॉक्टरांच्या घरून कोकमाच्या सोलांच्या टोपल्या आल्या, सोबत निरोप, "आमच्या अंगणात ऊन नाय. तुमच्याकडे सुकवा." त्यांच्या अंगणात पापड भाजले असते! पण यांच्या मित्राला नाही कसं म्हणायचं? रोज सोलं रसात बुडवा, उन्हात पसरा, भर दुपारी कावळे हाका. मी दात-ओठ खात पडवीत बसून राहायची. रात्री मात्र जेवता जेवता मान कलायला लागली.

मे महिन्यात मुलगा आला आणि मला घेऊन थेट दवाखान्यात. "डॉक्टर, हिला झोप लागते का आता?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सांगा, वयनी."

नेमकी आदल्या रात्री मी टक्क जागी होते. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण गालाने एकदा दगा दिलेला. म्हटलं, "कधी लागते, कधी नाही."

"म्हणजे बरी झालीच नाही," मुलगा म्हणाला.

डॉक्टर चिडले की पुस्तकी मराठीत बोलत. "बरी झाली असं मी म्हटलेलं नाही. गोळी सुटली आहे. चालताना तोल जात नाही. एखादी रात्र जागी राहते, ती स्वतःच्या घरात राहते. तुमच्या पंधराव्या मजल्यावर जागी राहून ती काय करणार आहे?"

मुलाने खिशातलं कुलूप काही काढलं नाही. आंबे घेऊन एकटाच परत गेला.

डॉक्टरांना जाऊन दोन पावसाळे झाले. त्यांनी मला सलग झोप दिली नाही ती नाहीच, माझी ही तक्रार अजून कायम आहे. अजूनही मधूनच एखादी रात्र वाया जाते. मग उठते, याच घराच्या पडवीत खुर्ची टाकते आणि डॉक्टरांना मनसोक्त शिव्या घालते. शिव्या पुऱ्या व्हायच्या आत पेंग येते. तीही त्यांचीच काहीतरी युक्ती असणार.