टायरच्या ट्यूबमधली माय

खानदेशात जितकी माणसं एकही फोटो न काढता मेली, ती सगळी आमच्या हिच्या धाकट्या काकांच्या ओळखीची होती. शिरपूरला आग्रा रोडवर त्यांचं पंक्चरचं दुकान. जग त्यांना नाना म्हणायचं. ट्रकच्या मेलेल्या ट्यूबा कापून, कानशीने घासून, सोल्यूशनने फळीवर थरावर थर चिकटवून ते मेलेल्या माणसांचे चेहरे करायचे. काळी ट्यूब, विटलेली लाल ट्यूब, उन्हाने राखाडी पडलेली ट्यूब, एवढेच त्यांचे रंग. बाईमाणूस असेल तर व्हॉल्वची पितळी चकती कानात. "आपलं ऊन खायेल कातडं कागदवर येस का?" असं ते विचारायचे.

फोटो असलेल्या माणसाला ते हात लावत नसत. घरची मंडळी आली की त्यांना बाकावर बसवायचे आणि वाटणीची चौकशी करावी तसं विचारायचे, "तिनं नाक कोणाकडे गयं?" मग नाक या मुलाचं, कान त्या नातवाचा, असं जिवंत माणसांकडून परत गोळा करून मेलेलं माणूस उभं राहायचं. मे महिन्यात सोल्यूशन पातळ व्हायचं. एकदा एका आजोबांची मिशी हनुवटीवर उतरली, म्हणून त्यांची मुलं फळी घेऊन भांडायला आली. नाना शांतपणे म्हणाले, "म्हातारपनमा बठ्ठं खाले सरकस रे बाबा." मला मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत त्यांनी निरखून सांगितलं, "जवाईबापू, तुमी फोटो काढी ठेवा. नाकले एवढं रबर मी कोठून लयसू?"

माझे सासरे, म्हणजे आबा, हे नानांचे सावत्र भाऊ. आबा वर्षाचे असताना त्यांची आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि त्या दुसरीच्या पोटी नाना. तिने दोघांत कधी डावंउजवं केलं नाही. तरी मोतीबिंदूने एक डोळा गेला आणि दुसराही धूसर व्हायला लागला, तेव्हा आबा दुकानात येऊन बाकावर बसले. "नाना, मन्ही माय करी दे. डोया शेत तवलोंग देखी लेसू."

नानांचा हात तिथे प्रथमच थांबला. तिला पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीच्या नावाचा, बाईची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा, तसा नानांच्या म्हाताऱ्या आईच्या गळ्यात होता. नानांनी तो हातात घेऊन पाहिला. पन्नासेक वर्षं पदराखाली घासून त्यावरचे नाकडोळे पुसले गेले होते. "मी रोज तिना पाया पडस," म्हातारी म्हणाली, "पण तोंड मलेबी माहीत नही."

नानांनी दोन महिने गिऱ्हाईकं परत पाठवली. आबा दुपारी दुकानातच लवंडायचे, तेव्हा नाना पंक्चरचा खडू घेऊन त्यांच्या उशाशी बसलेले मी पाहिले. मला वाटलं, भावाच्या तोंडावरच्या माश्या वारताहेत. पण आबांच्या आईचं एवढं एकच मूल. वाटणी तरी दुसऱ्या कुणाकडे मागणार?

फळी तयार झाली तेव्हा आबांनी ती नाकापाशी धरली. तिच्या डोक्यावरचा लाल ट्यूबचा पदर बोटांनी चाचपला, मग गाल, मग हनुवटी.

"हिले मी कोठेतरी देखेल शे," आबा म्हणाले.

नाना कानशीतला रबराचा भुगा झाडत होते. मान वर न करता म्हणाले, "देखेलच व्हई, आबा. माय शे ती तुमनी."

आता दोघेही नाहीत. फळी मेहरूणला आमच्या घरी आहे. मे महिना लागला की तिची हनुवटी थोडी सुटते, आणि नानांनी दाखवलं होतं तशी मी ती अंगठ्याने दाबून धरतो. मागून ही म्हणते, "हळू दाबा, दुखेल तिला." वळून पाहिलं की तीच हनुवटी समोर असते. मग मी जरा हळू दाबतो.