वीस मिनिटं, वीस फूट, वीस सेकंद

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो! जेवणाच्या टेबलावर एक जण काहीतरी सांगतो, दुसरा म्हणतो, ‘थांब, त्याच्या आधीचं ऐक,’ आणि डबे धुऊन झाले तरी कुणी उठत नाही. आमच्या कोरमंगलाच्या ऑफिसात तर नुसता डोळ्यांच्या काळजीवरचाच साठा एवढा झालाय की मला आता क्रमही आठवत नाही.

आम्ही मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर तपासतो. दिवसभर बारीक रेघा आणि त्याहून बारीक आकडे. मराठी बोलणारे तिघंच : मी पुण्याची, ऋतुजा नागपूरची आणि निपाणीचे सदाशिवअण्णा. अण्णा पंचवीस वर्षं इथल्याच राजाजीनगरात राहतात, वय चोपन्न, चष्मा नाही. पण गेल्या वर्षापासून त्यांना दुपारनंतर आकडे पुसट दिसायला लागले होते. हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक.

“ड्रॉइंग दिसंना म्हटल्यावर ह्या खुर्चीत कोण बसवून घेणार गं मला?” असं ते म्हणायचे.

*

सुरुवात झाली एचआरच्या नंदिनीच्या ईमेलने. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरच्या वस्तूकडे, वीस सेकंद बघा. साधी गोष्ट!

पण आमची खोली वीस फूट लांबच नाही. ऋतुजाने टेप लावून मोजली, साडेसोळा भरली. आता आम्ही पडलो मापं तपासणारी माणसं, साडेतीन फुटांची चूक आम्हाला कशी चालणार? खूप चर्चा झाली आणि ठरलं की दार उघडं ठेवायचं आणि पॅसेजच्या टोकाकडे बघायचं. तिथे बरोबर वीस फूट भरत होते.

त्या टोकाला पुरुषांचं टॉयलेट होतं. पहिल्याच दिवशी आमचे मॅनेजर रुमालाला हात पुसत बाहेर आले, तर समोर अकरा माणसं त्यांच्याकडे एकटक बघतायत. सर दोन पावलं मागे सरकले आणि परत आत गेले!

*

मग आम्ही खिडकीकडे वळलो. रस्त्यापलीकडे तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक आजी शेंगा सोलत बसायच्या. अंतर वीस फुटांपेक्षा जास्तच, म्हणजे चिंता नाही. दर वीस मिनिटांनी आम्ही सगळे आजींकडे बघायचो.

तीन दिवस आजींनी सहन केलं. चौथ्या दिवशी बाल्कनीच्या कठड्याला राक्षसाचा मुखवटा टांगलेला! नव्या बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून इकडे दक्षिणेत लावतात ना, तोच. जीभ बाहेर, डोळे वटारलेले, तोंड बरोबर आमच्या खिडकीकडे.

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“बघायचं की,” अण्णा म्हणाले. “त्याला कुठं लाज वाटतीय?”

तेव्हापासून दर वीस मिनिटांनी आम्ही त्याच्याकडे बघतो आणि तो आमच्याकडे.

*

एवढं करून निम्मे जण विसरायचेच. म्हणून नंदिनीने सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकून घेतलं. वीस मिनिटं झाली की अख्खा स्क्रीन निळा, वर मोठ्या अक्षरांत ‘स्क्रीनवरून नजर हटवा’ आणि खाली वीसपासून उलटी मोजणी.

एकाचीही नजर हटेना! सगळे त्या आकड्यांकडे डोळे लावून बसलेले. एकोणीस, अठरा, सतरा...

“अगं, लांब बघायचंय ना?” मी ऋतुजाला म्हटलं.

“हो, पण वीस झाले की नाही ते बघायला नको का?” ती म्हणाली. मला वाटलं, मुद्दा तर बरोबर आहे. मग मीही बघत बसले.

*

ऋतुजाचे डोळे कोरडे पडतात. डॉक्टरांनी थेंब दिलेत. एकदा ते घातल्या घातल्या ती रजा मागायला सरांच्या केबिनमध्ये शिरली. गालांवरून धारा लागलेल्या.

“सर, दो दिन की छुट्टी चाहिए. घर में शादी है.”

सरांनी उठून दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळूच विचारलं, “घरवाले जबरदस्ती कर रहे हैं?”

“नहीं सर, भाई की शादी है!” म्हणत तिने पुन्हा डोळे पुसले. सरांना काय समजलं देव जाणे, पण रजा पाच दिवस मिळाली.

*

आणि मागच्या महिन्यात ऑफिसातच नेत्रतपासणी ठरली. लगेच कॉफी मशीनपाशी बातमी पसरली की ज्याची नजर कमी भरेल त्याला ड्रॉइंगवरून काढून रेकॉर्डरूमला टाकणार. कोण म्हणालं, कुठून आलं, काही पत्ता नाही. अण्णांनी त्या दिवशी डबाच उघडला नाही. मला फार वाईट वाटलं.

मग मी जन्मभर परीक्षांच्या वेळी केलं तेच केलं, पाठांतर. तपासणीच्या दिवशी डॉक्टर येण्याआधी कॉन्फरन्स रूममध्ये अक्षरांचा तक्ता लावून ठेवला होता, शेजारी जवळून वाचायचं कार्ड. मी दोन्हींचे फोटो काढले आणि पॅन्ट्रीत अण्णांचा क्लास सुरू झाला. अण्णा फेऱ्या मारत ओळी घोकत होते, वरून खाली, खालून वर.

“पाचवी ओळ, तिसरं अक्षर?” ऋतुजा विचारायची.

“एफ!”

“शाब्बास!”

मध्येच अण्णा थांबले. “हे बरोबर करालोय का गं आपण?”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. “सहावी ओळ म्हणा,” ऋतुजा म्हणाली.

दुपारी तपासणी झाली. मला नंबर निघाला, ऋतुजाला निघाला, चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरांनाही निघाला. नंदिनीने जाहीर केलं की नंबर निघालेल्या सगळ्यांना कंपनीतर्फे कॉम्प्युटरचे चष्मे! रेकॉर्डरूमचं विचारलं, तर ती म्हणाली, “कौनसा रेकॉर्डरूम?”

तेवढ्यात अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून डॉक्टर बाहेर आले. पूर्ण ऑफिसात या एकाच माणसाने डोळे सांभाळलेत म्हणाले. सर खूश! सगळ्यात बारीक ड्रॉइंग्ज आता अण्णांकडेच द्या म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आणि ऋतुजानेही वाजवल्या, दुसरं काय करणार?

अण्णा रिपोर्ट घेऊन आमच्या टेबलाशी आले. चेहरा नुसता फुललेला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ आणला, मग हात लांब केला, मग ट्यूबलाइटखाली धरला. शेवटी माझ्यापुढे केला.

“काय लिहिलंय गं ह्यात? वाच की जरा.”