साडभावांनी भांडण सोडलं

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर आमच्या साडभावांइतका, म्हणजे माझ्या थोरल्या साडूंइतका, भांडखोर माणूस झाला नसेल. भरवेलीच्या खाणीत ते ठेकेदाराकडे कामाला. पण खरं काम भांडण. ऑटोवाल्याशी दहा रुपयांवरून, शेजाऱ्याशी नालीवरून, दुकानदाराशी तांदळातल्या खड्यांवरून, आणि समोर कोणी नसलं तर टीव्हीवरच्या बातम्यांशी. माझ्याशी तर माझ्या लग्नाच्या मांडवातच जुंपली होती. फेटा बांधायला मोठ्या जावयाच्या आधी मला बोलावलं, एवढाच माझा गुन्हा.

त्यांच्या मुलीला नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली आणि फीची शेवटची तारीख पंधरा दिवसांवर आली. मोबाइलवरून लोकांकडे मदत मागायची मोहीम उघडण्याची शक्कल मी काढली. घरात मराठी बरं लिहिणारा मीच, म्हणून मजकूरही माझाच. तो इतका करुण उतरला की तिसऱ्या दिवशी हट्टा गावाहून दोन पाहुणे सांत्वनाला आले. दार साडभावांनीच उघडलं.

"तुम्ही आहात?" पाहुणे गोंधळले.

"काहून, नसाले पाहिजे का?"

पुढचा अर्धा तास त्यांनी पाहुण्यांना सोडलं नाही. मी मागच्या दाराने निघून गेलो.

दोन दिवस उरले तरी निम्मी फी जमायची होती. "मौसाजी, रहने दो, यहीं बी.ए. कर लूँगी," पोरगी खाली बघून तिच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी उरलेली सगळी रक्कम एकदम जमा झाली. देणाऱ्याने नाव सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे असं कोणी धावून आलं की पेढे घेऊन त्याच्या घरी जायचं, पाया पडायचं. साडभावांनी पेढे आणले, पण न्यायचे कुणाकडे? "गावातलाच असन," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांचं भांडण बंद. न जाणो, समोरचाच असला तर! ऑटोवाल्याने वीस रुपये जास्त मागितले, त्यांनी दिले. शेजाऱ्याला बसायला खुर्ची दिली, तो बिचारा उभ्याउभ्याच विचारू लागला, "नालीचं काही नवीन निघालं का?" शेवटी साळीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला गाठलं. "भाऊजी, याइले दवाखान्यात न्या. चार दिवस झाले, कोणावर चिडले नाही."

पोरीला गाडीत बसवायला आम्ही स्टेशनवर गेलो. साडभाऊ चहावाल्याला, हमालाला, अनोळखी प्रवाशांना, दिसेल त्याला हात जोडत होते.

"भाऊ, कोणाकोणाले नमस्कार करून राह्यले?" मी विचारलं.

"यातलाच एक असन ना. कोणाले सोडू?"

गाडी हलली. पोरीचा हात दिसेनासा झाला, तसे ते वळले आणि मलाही हात जोडले. मी दिले होते पाचशे, तेही नावासकट. तसं सांगायला तोंड उघडलं; पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मीही हात जोडले.